एकुलता एक अर्ज

महापालिकेच्या टेंडर पोर्टलला सगळे शिव्या घालायचे, म्हणून ते लोकांना सहज वापरता येईल असं नव्यानं करून द्यायचं काम निघालं. अर्ज मात्र त्याच पोर्टलवर भरायचा होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. फाइल चढवली की पान कोरं व्हायचं, मागे गेलं की पहिले पाढे पंचावन्न.

"हे बनवणाऱ्याला जन्मभर यात अर्ज भरायला बसवा," या कामासाठी अर्ज करणाऱ्या डिझायनर बाई नवऱ्यावरच खेकसल्या. त्यानं लॅपटॉपचा चार्जर पुढे सरकवला.

चौथ्या दिवशी, मुदतीला सहा मिनिटं उरली असताना अर्ज एकदाचा गेला. बाकी कुणालाच आपला अर्ज पाठवता आला नव्हता.

पोर्टलच्या सदतीस चुकांची यादी घेऊन बाई महापालिकेतल्या अधिकाऱ्यासमोर बसल्या. त्यानं यादीला हातही लावला नाही.

"तुमचा अर्ज आम्हाला मिळाला ना?"

"मिळाला, पण माझ्या नाकी नऊ आले, साहेब."

"मिळाला ना? मग झालं तर."

आणि त्यानं फाइलवर शेरा मारला.

'अर्जदार बाईंनी स्वतः वापरून दाखवल्याप्रमाणे पोर्टल उत्तम चालते. सबब, नवीन कामाची गरज नाही.'