एकोणचाळीस माद्या

"नर कुठाय?" सरांनी एकोणचाळिसावी मादी ट्रेमध्ये उताणी केली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मिळाला नाही, सर," त्यांची संशोधक विद्यार्थिनी म्हणाली.

पाणथळ जमिनीत हातभर खोल बीळ करून राहणारी ही क्रेफिश, म्हणजे कोळंबीची नांग्यावाली थोरली बहीण, तिनंच शोधली होती. कुठल्याच ग्रंथात नव्हती. फक्त नाव द्यायचं राहिलं होतं. पण या शास्त्राचा दंडक जुना. नराच्या शेपटीखालच्या पहिल्या दोन पायांच्या घडणीवरून प्रजाती ठरवायची. माद्या टोपलीभर आणल्या तरी त्यांना कोण विचारतो!

"मादीवरून काहीच सिद्ध होत नाही," सर म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत नर आण. शेजारच्या विद्यापीठातला तो दाढीवाला तिथंच खणतोय. आधी छापेल, त्यानं दिलेलं नाव टिकेल. मग तुझी सहा वर्षं पाण्यात."

ती पुन्हा चिखलात उतरली. खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा आणि नांगीनं बोट पकडलं की ओढायचं. बोटं सोलवटली. निघाली ती मादीच. घरी आत्याही तिच्यासाठी नरच शोधत होती, पण आत्याकडे निदान फोटो तरी होते. "एकटीनं किती दिवस काढणार आहेस?" आत्या रोज विचारायची. तिला रडू यायचं, पण ते दाढीवाल्याच्या धास्तीनं.

अठ्ठावीस तारखेला ती हात हलवत प्रयोगशाळेत परतली. निदान बरण्यांचं पाणी तरी बदलावं म्हणून खिडकीपाशी गेली. गेल्या वर्षी एका मादीच्या पोटाला चिकटलेली पिल्लं तिनं वेगवेगळ्या बरण्यांत वाढवली होती, कारण एकत्र ठेवली की ती एकमेकांचे पाय खात. सगळ्या मुलीच निघाल्या. कळत्या वयापासून एकीनंही दुसऱ्या क्रेफिशचं तोंड पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या बरणीतलीच्या शेपटीखाली अंडी होती. पाचवीतलीच्याही. सातवीतलीच्याही. तिनं भिंग लावलं. प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे होते.

ती स्टुलावर बसली आणि एकटीच मोठ्यानं हसली. मग नियतकालिकाचा अर्ज पुढ्यात ओढला. 'नराचे वर्णन' हा रकाना मोकळा सोडला की लेख परत येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'नर आढळला नाही. त्यावाचून काही अडलेलंही नाही.'