काठीवरचे ओरखडे

“वहिनी, एवढंच सांभाळा, हे अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका. आत शिरतं आणि ठिसूळ करून टाकतं.” तळहातावर धरलं की वितळणाऱ्या त्या धातूची डबी देतानाच धाकट्या दिरानं बजावलं होतं.

“आमच्या घरात सगळं स्टीलचं आहे, भाऊजी,” असं म्हणून तिनं डबी लेकीच्या हातात दिली होती. एरवी लेकीच्या खडूच्या खोक्यावरच्या सूचनाही ती वाचते म्हणून घरभर तिची टिंगल व्हायची.

आज पसारा आवरताना लेकीच्या खेळण्यातली ताटली हाती लागली. तिच्यावर चंदेरी डाग होता. पुसायला तिनं अंगठा दाबला, तर ताटली बिस्किटासारखी तुटली.

“यावर काय लावलंस?”

“वितळतं ते. आधी ताटलीवर लावून बघितलं.”

“आधी? मग कशावर लावलंस?”

“आजोबांच्या काठीवर. केवढे ओरखडे पडले होते तिला. मी खिळ्यानं नीट खरवडून सगळे बुजवले. आजोबा म्हणाले, अगदी नवी दिसते.”

दारामागचा कोपरा रिकामा होता.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासरे सगळा भार त्या काठीवर टाकून चालत. हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची काठी तिनंच निवडली होती. आता पुन्हा पडले तर उठणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते. मघाशी ती सोबत निघाली, तेव्हा त्यांनी तिला दारातच अडवलं होतं. “केसच कापायला चाललोय. मी काय काचेचा आहे?”

तिनं फोन लावला. तो त्यांच्याच उशीखाली वाजला.

लेकीला कडेवर घेऊन ती खाली धावली. फाटकाबाहेर सलूनकडे जायला दोन रस्ते फुटत होते, एक पायऱ्यांचा, एक बागेवरून. समोरून जाणाऱ्याला तिनं थांबवलं.

“अहो, तुम्ही बागेकडे चाललात ना? मी पायऱ्यांकडून बघते. राखाडी स्वेटर घातलेले, एका पायावर जरा झुकून चालणारे आजोबा दिसले, तर त्यांना आधी हाताला धरून बसवा. मग काठी काढून घ्या. ते चिडतील, मला कशाला धरता म्हणतील. काठी दाखवून सांगतील, नातीनं नवी करून दिली. सांगू द्या. फक्त हात सोडू नका.”