कोरं पान

फोनवरून आलेली तक्रारच रजिस्टरात चढवायची आणि दारात येऊन बोंबलणाऱ्याला हाकलून द्यायचं, हा नियम टेलिफोन एक्स्चेंजच्या नव्या साहेबांनीच काढला होता. महिनाअखेरीला रजिस्टर उघडून त्यांनी सगळ्यांदेखत लाइनमन भरमूवर तोंड सोडलं.

"संकेश्वरच्या तक्रारींनी पानं भरलीत! त्या मायाप्पाकडून शीक जरा. बोरगावची एक तक्रार नाही!"

मायाप्पा मिशीत हसला. भरमूच्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन-पाऊस न बघता खांबावर चढून त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

"साहेब, बोरगावची तार तुटून पंधरवडा झाला. तिथनं फोनच लागत न्हाय, तर तक्रार येणार कुठनं?"

"रजिस्टर काय खोटं सांगतं? पुढच्या महिन्यात संकेश्वरची एक जरी तक्रार दिसली, तर घरी बसवीन!"

भरमूनं तार कापायची पक्कड उचलली, सायकल काढली आणि संकेश्वरच्या लाइनीच्या पहिल्याच खांबावर चढला.



पुढच्या महिनाअखेरीला संकेश्वरचं कोरं पान बघून साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "दम दिल्याशिवाय तुम्ही लोक काम करत नाही, बघ!"