हिसका खाल्लेला दोर

"आता सांगतो ते रत्नागिरीत कोणी खरं मानायचं नाही," महिपत खाटेच्या कडेला टेकत म्हणाला. "पण काल मी चढलो. तुमच्या त्या दोरावरून. शाळेमागच्या रायवळ आंब्यावर, पार शेंड्याला."

खाटेवरच्या संदेशने बापाकडे मान वळवली. बाकीचं अंग वळत नव्हतं. त्याच आंब्याची फांदी परवा त्याच्यासकट मोडली होती. दोर खालच्या बेचक्यात अडकला, जबर हिसका बसला आणि तो जमिनीपासून पुरुषभर उंचीवर बेशुद्ध लोंबकळत राहिला. कमरेचं हाड गेलं, जीव राहिला. फांदी मात्र सरळ खाली आली. खाली दोराने झाडं चढायच्या धंद्यातला त्याचा जोडीदार नितेश उभा होता.

गावी पूर्णगडच्या स्मशानात नितेशची राख अजून निवली नव्हती. संदेशला ते ठाऊक नव्हतं. सकाळी त्याचं ऑपरेशन, तोपर्यंत त्याच्या कानावर काही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वॉर्डाच्या दाराबाहेर दर्शनाने सासऱ्याचा हात धरला होता. "मामंजी, मला नाही जमायचं. माझं तोंड बघितलं की हे ओळखतात. तुम्ही जन्मभर थापा मारल्यात. आज एक मारा."

"तुम्ही? दोरावरून?" संदेश म्हणाला. "पायात सुंभाचा फास अडकवून माडावर चढणारा माणूस तुम्ही. आमच्या सामानाला माकडाचे दागिने म्हणायचात."

"म्हणायचो. काल घातले. पट्टा कमरेला, चिमटा छातीशी, दुसरा पायाशी. एक पाय, दुसरा पाय. दोर जागचा हलत नाही नि आपण जिना चढल्यासारखे वर! धाप नाही, घाम नाही. अर्ध्यावर थांबून तंबाखू मळली."

"मग?"

"मग काय, वर धनेशाची ढोली. मादी आत कोंडून बसलेली, नर फटीतनं फळं भरवणार. मी तिथे पोचलो तर मेलीने फटीतनं चोच बाहेर काढलीन. मला नवरा समजली! मी म्हटलं, बाई, माझ्याकडे फळ नाही, तंबाखू आहे. चालेल?"

संदेश हसला. हसताना कळ आली तसा त्याने दात आवळले, पण हसू थांबेना. खिडकीशी उभी असलेली दर्शना पाठ फिरवून बाहेर बघत राहिली.

"शेंड्यावरून मिरकरवाड्याचा लिलाव दिसला," महिपतला आता चढायला आणखी जागा मिळाली. "एक बाई सुरमई शिळी म्हणून भांडत होती. मी वरनं ओरडलो, गो, कल्ले उघडून बघ, ताजी आहे!"

"आणि नितेश?"

दर्शनाचा हात खिडकीच्या गजावर आवळला.

"खाली! कुठे जातोय? फांदीखाली पाय जरा चेपला त्याचा, प्लास्टर घातलंय. शाळेतली खुर्ची मागवलीन नि बसला राजासारखा. काका, घाई करू नका, काका, चिमटा बघा, ओरडून ओरडून घसा बसवून घेतलान."

"भार घालून बघितलात चढायच्या आधी?"

"म्हणजे काय? मी नि नितेश, दोघं दोराला लोंबकळलो."

"प्लास्टर घालून लोंबकळला?"

"एका पायावर. दुसरा हवेत धरून." महिपतने खाली वाकून पिशवीत हात घातला. "तुला थाप वाटते ना? हा बघ दोर. ह्याने तुला माघारी दिलंन. घरी नेऊन देवापुढे ठेवला होता मी. काल तिथनं उचलला नि ह्याच्यावरच चढलो."

केशरी दोराचं वेटोळं चादरीवर पडलं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. संदेशने डोळे मिटले आणि दोर बोटांतून हळूहळू सरकवत नेला. एका जागी बोटं थांबली. तिथे दोर आतून पोकळ झाल्यासारखा मऊ लागत होता.

"नितेशने बघितला हा?"

"बघितला म्हणजे? हातात घेतलान, उलटासुलटा केलान. म्हणाला, काका, ह्याला अजून मरण नाही."

संदेशने डोळे उघडले ते छताकडे.

"हिसका खाल्लेला दोर नितेश ठेवत नाही, बाबा. वरनं चांगला दिसतो, आतला धागा तुटलेला असतो. देवरूखला माझा नवाकोरा दोर, एकदाच हिसका बसलेला. मी पाया पडत होतो, तरी तिथल्या तिथे कोयता घेतलान नि हात-हातभर तुकडे केलेन. पुन्हा कोणी चुकून चढू नये म्हणून."

"ह्याचेही करणार होता. मीच म्हटलं, असू दे, माझ्या झिलाचा जीव वाचवलान त्याने."

"नि तुमचं ऐकलंन?"

सबंध पूर्णगडाला हसवणाऱ्या महिपतने सुनेकडे बघितलं. तिची पाठ हलत होती.

संदेशची बोटं कुंकवाने लाल झाली होती. दोर त्याने सोडला नाही.

"बाबा," तो म्हणाला, "कधी गेला तो?"