तबकडी दिसेनाशी होते तिथे

“थांब. गेली,” वहिनी म्हणाली.

“कुठे गेली? ही काय!” नणंद दोरी धरून धक्क्यावरून वाकली होती. दोरीच्या टोकाला लोखंडी तबकडी होती, दोन भाग काळे, दोन पांढरे. ती खाडीत सोडायची आणि कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते बघायचं, की पाणी किती नितळ ते कळतं. “सकाळी चहात साखर म्हणून मीठ घातलंस, आता एवढी मोठी तबकडी हरवलीस!”

“वन्सं, चेष्टा पुरे.” वन्सं हा शब्द वहिनी फक्त चिडली की काढायची.

चिडायला कारण होतं. खाडीच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र व्हावं म्हणून तिने अर्धी नोकरी भांडण्यात घालवली होती. केंद्र झालं, सुरूही झालं. तबकडी मात्र दरवर्षी आणखी लवकर नाहीशी होऊ लागली. नवं यंत्र पाणी सुधारल्याचं दाखवायला लागलं, तेव्हा तिने यंत्रच दुरुस्तीला धाडलं. तिचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर. उद्याच्या बैठकीत ती सांगणार होती, केंद्राचा उपयोग नाही, बंद करा. त्याआधीचं हे शेवटचं मोजमाप. एरवी ती एकटीच करायची. आज खांदा धरला होता, म्हणून दोरी सोडायला नणंदेला आणलं आणि वर तिची बडबड पदरात घेतली.

वहिनीने चष्मा पुसला. खाली तेच ओळखीचं पांढुरकं धुकं. “दिसतेय ना तुला? मग सोड आणखी,” ती म्हणाली, नणंदेची खोड मोडायला.

दोरी सरकत राहिली. गाठीमागून गाठ गेली. मग ती सैल पडली.

“टेकली,” नणंद म्हणाली. मग ती धक्क्यावर पालथी झाली आणि पाण्यात डोकावून बघू लागली.

“अगं, काय झालं?”

“वहिनी...” झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा तिचा आवाज खाली आला होता. “तळ दिसतोय. गवत आहे गं खाली, सगळं एकाच बाजूला डुलतंय. त्यातून माशांची पिल्लं चाललीत, मोजता येणार नाहीत इतकी. वळली की सगळी एकदम चमकतात. आणि एक खेकडा तबकडीवर चढलाय.”

वहिनीने पाण्यावरची नजर उचलली. पलीकडचा पूल, वरचं आकाश, हातभर अंतरावरचा नणंदेचा चेहरा. सगळं पाण्याइतकंच गढूळ होतं.

ती हळूच धक्क्यावर बसली.

“ते यंत्र परत मागवायला हवं,” ती म्हणाली. “आणि तू सांगायचं थांबवू नकोस. खेकडा काळ्यावर आहे की पांढऱ्यावर?”