चालू कॉम्प्युटर

अकोल्यातल्या त्या कॉलेजात नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की लॅबमधले जुने कॉम्प्युटर जागीच अडायचे. मुलं प्रॅक्टिकलला नापास होत होती. शेवटी आचल मॅडमनी सुट्टीभर खपून एक हलकं, फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं आणि सगळीकडे टाकलं. पहिल्यांदाच लॅबमध्ये प्रत्येक मुलाच्या स्क्रीनवर घराचा नकाशा उमटला.

प्राचार्य आत आले ते भडकूनच. "हे कोणाले इचारून केलं, मॅडम? उद्या कमिटी येऊन राहिली. जुने चालताना दिसले, तर नवे मंजूर होतीन का? आत्ताच्या आत्ता काढा!"

आचलचं डोकं सणकलं. मुलं वर्षभर नापास होत होती, ती याच्यासाठी?

"काढते," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरच मुलांकडे वळली. "पेनड्राइव्ह कोणाकोणाजवळ आहेत रे? पयले हे सॉफ्टवेअर कॉपी करून सगळे घरी घेऊन जा."