आसेगावचा सर्व्हर

लखनने एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने टेबलावर अशी मूठ मारली की चहाचा कप आडवा झाला.

सकाळपासून कोणी उपटसुंभ त्याच्या सर्व्हरचं दार बाहेरून ठोठावत होता. वेगवेगळी नावं, वेगवेगळे पासवर्ड, एकामागून एक. ते पाहून लखनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिथल्या तिथे फायरवॉल चालू केली. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना बंदी. आधी स्वतःपुरती वाट मोकळी सोडायची असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मशीनने विचारलंसुद्धा, तुमचंही कनेक्शन तुटेल, पुढे जायचं का? यानं रागात होय म्हटलं. झालं. चोरही बाहेर आणि मालकही बाहेर.

समोर फुलसिंग बसला होता. त्याच्या मुलीच्या लग्नाची फिल्म त्या सर्व्हरवर अडकली होती, आणि संध्याकाळी पोहरादेवीजवळच्या तांड्यावर स्वागतसमारंभात ती पडद्यावर लावायची होती. व्याही, पाहुणे, सगळा गोतावळा जमणार होता.

"भाऊ, पेन ड्राइव्ह दे ना भरून. मले निघाचं हाये."

"सर्व्हर आसेगावले हाये, इथं नाई," लखन खेकसला.

"मंग जाऊन घेऊन ये."

मालेगावहून जाऊन येईपर्यंत समारंभ उरकला असता. आणि वेळ असता तरी लखन गेला नसता. आसेगावात बापाच्या घराची पायरी चढणार नाही, असं तो साऱ्या पाहुण्यांसमोर बोलला होता.

बहिणीच्या, निकिताच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात ते घडलं. लखनचा मालेगावात स्टुडिओ. चार गावचे लोक त्याची तारीख मिळावी म्हणून खेटे घालतात. आणि त्याच्याच बहिणीच्या साक्षगंधाला वाशिमहून भाड्याचा फोटोग्राफर आला. आणला कोणी, तर बापाने. जानरावने. वर भर मांडवात म्हणाला, "घरचा पोरगा पंगतीत वाढते. कॅमेरा गळ्यात घालून लोकायच्या मांगंमांगं नाई फिरत." लोक हसले. लखनने वरणाची बादली तिथेच आपटली आणि घरात जाऊन आपला मोठा कॉम्प्युटर उचलायला लागला. जानराव दारात आडवा झाला. "माह्या पैशानं घेतला. तो इथंच राहीन."

राहू दे इथंच, म्हणाला लखन. दार लावून घेतलं. मांडव उठेपर्यंत त्याने त्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, दुरून सुरक्षितपणे फाइली टाकता-काढता येतील असा सर्व्हर उभा केला आणि लॅपटॉप काखेत मारून निघाला. आता फिल्म त्याच मशीनवर तयार व्हायची, पण लखन मालेगावात बसून. बापाचं तोंड पाहायची गरज नाही. निकिताच्या लग्नालाही तो गेला नाही. आसेगावची लाइन गेली की मशीन बंद पडायचं, लाइन आली की थोड्या वेळाने पुन्हा चालू झालेलं असायचं. ते कोण चालू करतं, हे त्याने कधी विचारलं नाही.

आता मात्र कोणीतरी त्या मशीनसमोर बसून बंदी उठवायची ओळ टाइप करायला हवी होती. निकिता सासरी. घरात इंग्रजी अक्षरं ओळखणारा एकच माणूस उरला होता. फुलसिंग उठून दारापर्यंत जाऊन आला. लखनने दात आवळून फोन लावला.

"कोन?"

"मी. कॉम्प्युटरसमोर बसा लागते."

"आज आठवन आली, ते बी कॉम्प्युटरची?"

"बसता का नाई? एका मानसाचं काम अडलं माह्यामुळं."

"तुह्यामुळं कोनाकोनाचं अडलं, ते ठाऊक हाये तुले?" जानराव गरजला. पण खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बोल. रोज याचं बटन मीच दाबतो. मलेबी कळू दे, याच्यात काय चाल्लं ते."

लखनने आधी आपलं नाव टाइप करायला लावलं. ते जमलं.

"आता पासवर्ड मांगून राह्यला."

लखनने आपल्या लॅपटॉपच्या कळांकडे पाहिलं. रोज बोटं आपोआप फिरायची. तो शब्द त्याने तोंडाने कधी म्हटलाच नव्हता. साक्षगंधाच्या दिवशी, दार लावून, रागाच्या भरात त्याने तो ठेवला होता. बापमेला.

"सांग ना. का विसरला?"

फुलसिंग त्याच्याकडेच पाहत होता.

"बी," लखन म्हणाला. "ए. पी."

जानराव एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, शोधत, दाबत होता. बी. ए. पी.

"एम. ई. एल. ए."

"एम. ई. एल." जानराव थांबला. मग म्हणाला, "ए. इथं तं काईच दिसून नाई राह्यलं."

"दिसत नसते ते. एंटर दाबा."

मशीनचं दार उघडलं. मग लखनने फायरवॉल बंद करायची ओळ सांगितली, घाईघाईने, अक्षर अक्षर करून. आता जानराव अक्षरं परत म्हणत नव्हता. नुसत्या कळा वाजत होत्या. ओळ संपली.

"एंटर," लखन म्हणाला.

"पुन्हा पासवर्ड मांगते."

मागणारच होतं. असल्या कामाला मशीन दुसऱ्यांदा विचारतंच, हे लखनला माहीत होतं. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बी..."

"राहू दे," जानराव म्हणाला. "पाठ झाला मले."